सांगून घ्यायचं औषध

महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत कोल्हापुरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये एक कप्पा बायकांच्या औषधांचा असतो. अशोकारिष्टाच्या तपकिरी बाटल्या, शतावरी कल्पाचे डबे, अश्वगंधाच्या कॅप्सूल आणि अलीकडे सोयाबीनच्या किंवा जवसाच्या अर्काची, पन्नाशीतल्या हसऱ्या बाईचा फोटो छापलेली चकचकीत पाकिटं. यातलं काहीही घ्यायला चिठ्ठी लागत नाही. कशासाठी हवंय, हे दुकानदार विचारत नाही. घरी कुणी विचारलंच, तर 'ताकदीचं आहे' एवढ्यावर भागतं. पाळी गेल्यावर उदास वाटणं, उगाच रडू येणं, रात्री दोनला जाग येऊन जीव घाबरा होणं, लहानशा बोलण्याने भडका उडणं, या तक्रारींसाठी वनस्पतींच्या औषधांचा आणि पूरकांचा जो मोठा बाजार उभा राहिला आहे, त्याचं एक कारण ही सोय आहे. हे औषध कुणालाही न सांगता घेता येतं.

पुढच्या प्रकरणांत एकेका वनस्पतीची ओळख आहे. तिच्यात काय असतं, शास्त्रग्रंथ काय म्हणतात, चाचण्यांत काय दिसलं, कुणी ती टाळावी, हे त्या-त्या ठिकाणी येईल. प्रस्तावनेत मला त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मांडायची आहे. झाडपाल्याचं चांगलं की इंग्रजी औषध चांगलं, हा वाद आपल्याकडे घरोघरी रंगतो आणि बहुतेक वेळा फुकट जातो. पाळीनंतरच्या मनासाठी काही घेऊ पाहणाऱ्या बाईने आधी स्वतःला विचारायचा प्रश्न निराळा आहे. आपण हे घेतोय, हे कुणाकुणाला माहीत आहे? उत्तर 'कुणालाच नाही' असेल, तर चांगल्यातलं चांगलं औषधही अंगाशी येऊ शकतं. डॉक्टरांना माहीत आहे, घरात माहीत आहे, एखाद्या मैत्रिणीला माहीत आहे, असं असेल तर साधं औषधसुद्धा बऱ्यापैकी उपयोगी पडतं. असं का होतं, ते आता पाहू.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असं मानतात. भारतात हे वय सरासरी ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास जातं. मनाची उलथापालथ मात्र बारा महिने भरायची वाट पाहत नाही. पाळी मागेपुढे होऊ लागते त्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेनची पातळी सरळ उतरत जात नाही, ती चढत-पडत उतरते. मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांच्या कामात इस्ट्रोजेनचा हात असतो, त्यामुळे हा चढउतार झोपेपर्यंत आणि मनापर्यंत पोचतो. रात्री घामाने झोप मोडली की दुसऱ्या दिवशीची चिडचिड वेगळी. अमेरिकेत १९९६ पासून हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा 'स्वान' नावाचा अभ्यास चालू आहे. पाळी नियमित असतानाच्या तुलनेत पाळी जाण्याच्या काळात आणि गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तीव्र नैराश्याचा धोका दोन ते चार पट असल्याचं त्यात आढळलं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही नैराश्य स्त्रियांमध्ये आणि ४० ते ४९ या वयात अधिक दिसलं.

याच वयात मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात. सासू-सासरे अंथरुणाला खिळतात. नवऱ्याचा रक्तदाब वाढतो, कर्जाचे हप्ते सुरूच असतात. सगळा दोष हार्मोनवर टाकणं जसं चुकीचं, तसंच 'सगळे मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकणंही चुकीचं. दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं, आणि कशाचा वाटा किती, हे त्या बाईशी बोलल्याशिवाय कळत नाही.

बोलणं मात्र अवघड असतं. 'मला नैराश्य आलंय' असं आपल्याकडची बाई म्हणत नाही. 'करमत नाही', 'अंगातनं वाफा येत्यात', 'जीव घाबराघुबरा हुतोय', 'कुणी चांगलं बोललं तरी राग येतोय' असं ती बहिणीला, जावेला सांगते. दवाखान्यात गेली की एवढंही सांगत नाही. तिथे 'अशक्तपणा वाटतोय' म्हणते, आणि अशक्तपणावरचं काहीतरी घेऊन घरी येते. जे सांगितलंच नाही त्यावर उपचार कसा होणार? मग ती स्वतःच मेडिकलच्या त्या कप्प्याकडे वळते.

रजोनिवृत्तीच्या या गोष्टीची सगळ्यात कठोर बाजू कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर दर हंगामात असते. दिवाळीच्या सुमाराला बीड, नगरकडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांच्या फडांवर उतरतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी काढलेली' असल्याचं पुढे आलं. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर वय तिशीचं असो की पस्तिशीचं, रजोनिवृत्ती एका दिवसात येते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत शरीराला सवय व्हायला वर्षं मिळतात, इथे ती मिळत नाहीत. अंडाशयं ठेवून नुसतं गर्भाशय काढलं, तरी रजोनिवृत्ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. अशा बाईला झोप नाही, जीव घाबरतो, आणि पहाटे फडावर कोयता उचलायचा असतो. आपलं काय काढलं, हेच तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं. या पुस्तकातली कोणतीही वनस्पती तिच्यासाठी पहिला उपचार नाही. अकाली रजोनिवृत्तीत हाडांसाठी आणि हृदयासाठी हार्मोन द्यायचे का, याचा विचार डॉक्टरांनी करायलाच हवा, आणि तो विचारून घ्यायचा तिचा हक्क आहे.

दुसरी बाजूही आहे. पाळी जाणं म्हणजे नुसतं गमावणं नव्हे. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत स्त्रियांवरचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. पाळी गेल्यावर त्या बायकांना पडद्यातून बाहेर पडून पुरुषांच्या बैठकीत बसता येत असे, आणि त्यांनी तक्रारी फारच थोड्या सांगितल्या. आपल्याकडेही पाळी गेली की देवघराची आडकाठी संपते, जोतिबाच्या डोंगराला किंवा पंढरीच्या वारीला जाताना तारखा मोजाव्या लागत नाहीत, नवरात्रात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची गरज उरत नाही. अनेक जणींना हा काळ मोकळा वाटतो. प्रत्येक पन्नाशीच्या बाईला औषधाची गरज आहे, हे चित्र जाहिरातींनी रंगवलेलं आहे. ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास खरा, आणि ज्यांना होत नाही त्यांनी पाकीट घ्यायचं काही कारण नाही.

आता शास्त्रग्रंथांकडे. सुश्रुतसंहितेने रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे आणि पन्नाशीला ती थांबण्याचा संबंध शरीर वार्धक्याने पक्व होण्याशी जोडला आहे. रजोनिवृत्ती हा तिथे स्वतंत्र रोग नाही. मनासाठी चरकाने मेध्य रसायनं म्हणून चार द्रव्यं सांगितली: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. आज पाकिटावर 'रजोनिवृत्तीसाठी शास्त्रोक्त' असं छापलेलं असतं, तेव्हा हे लक्षात ठेवावं. द्रव्य जुनं असतं, त्याला चिकटवलेला उपयोग पुष्कळदा नवा असतो. अशोकारिष्टाचंच घ्या. भैषज्यरत्नावलीतलं हे औषध प्रामुख्याने अतिरक्तस्रावाच्या तक्रारींसाठी सांगितलेलं आहे. अशोकाच्या सालीचा काढा गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवतात, त्यामुळे त्यात आपोआप तयार झालेला ५ ते १० टक्के मद्यार्क असतो. गूळ आमच्याच गुऱ्हाळातला असला तरी मधुमेहाच्या बाईला तो गूळच. पाळी बंद झाल्यावर उदासीसाठी हे घेण्याला ग्रंथाचा आधार फारसा नाही. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर अशोकारिष्टाची बाटली आणू नये, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. हे लक्षण कधीकधी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं असतं, आणि लवकर सापडला तर तो बहुतेक वेळा बरा होतो.

जगभर वनस्पतींच्या पूरकांकडे ओढा वाढला त्याला एक तारीख आहे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनच्या गोळ्यांची मोठी चाचणी जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवली गेली. गोळ्या घेणाऱ्या दर १०,००० जणींमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ३८ रुग्ण आढळत होते, न घेणाऱ्यांत ३०. बातमीत 'कर्करोग' हा शब्द मोठा झाला आणि आकडे बारीक छापले गेले. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हेही बहुतेकांपर्यंत पोचलं नाही. नंतरच्या विश्लेषणांतून साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी स्त्रियांसाठी हार्मोनचं गणित बरंच अनुकूल असल्याचं दिसलं. तोवर भीती घर करून बसली होती. लाखो बायकांनी हार्मोन सोडले, आणि ती रिकामी जागा सोया, रेड क्लोव्हर, ब्लॅक कोहोश अशा नावांनी भरून काढली.

सोयाबीन आपल्या ओळखीचं पीक आहे. हातकणंगले, कागल, गडहिंग्लजच्या शेतांत खरिपात ते उभं असतं. त्यातली आयसोफ्लेव्होन ही द्रव्यं इस्ट्रोजेनच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून त्याच्यासारखं सौम्य काम करतात. जपानी बायकांना गरम वाफांचा त्रास कमी, आणि त्यांच्या आहारात रोज सोया, या दोन गोष्टी जोडून पूरकांची कल्पना पुढे आली. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये साधारण दीडशे मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. पण आपलं सोयाबीन गिरणीत जातं, तेल आपल्या कढईत येतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. आयसोफ्लेव्होन पेंडीत राहतात, रिफाइंड तेलात जवळजवळ उतरत नाहीत. म्हणजे जिल्हाभर सोयाबीन पिकवून त्याचं नेमकं हेच द्रव्य आपण कोंबड्यांना घालतो. शिवाय सोयातल्या डेडझेन या आयसोफ्लेव्होनचं इक्वॉल हे जास्त प्रभावी रूप आतड्यातले काही जंतू करतात, आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकीला गुण येतो, शेजारणीला येत नाही, याचं एक कारण हे आहे. २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने ६२ अभ्यास आणि ६,६५३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासणारा लेख छापला. वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनने रोजच्या गरम वाफा आणि योनीचा कोरडेपणा थोडा कमी झाला, रात्रीच्या घामात फरक दिसला नाही. मनावरच्या परिणामाबद्दल सोयाच्या चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत. काहींत थोडा गुण दिसतो, काहींत दिसत नाही.

ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेतली वनस्पती. कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात तिच्या १६ चाचण्या आणि २,०२७ स्त्रिया तपासल्या गेल्या, आणि तिची शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. केशराची गोष्ट जास्त कुतूहलाची आहे. इराणमध्ये केशरावर नैराश्याच्या अनेक चाचण्या झाल्या. पाळी गेलेल्या, गरम वाफा आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ६० स्त्रियांवरच्या चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, रोज ३० मिलिग्रॅम केशराने सहा आठवड्यांत दोन्ही तक्रारी नकली गोळीपेक्षा जास्त उतरल्या. अश्वगंधावर आपल्याच देशात काम झालं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या १०० स्त्रियांना आठ आठवडे मुळाचा अर्क किंवा नकली गोळी दिली, आणि अर्क घेणाऱ्यांच्या तक्रारी अधिक कमी झाल्या. हे आशादायक आहे. पण साठ बायका, सहा आठवडे, शंभर बायका, आठ आठवडे, हे आकडेही पाहा. पाळीनंतरची उदासी वर्षभर टिकू शकते, आणि वर्षभर हे घेतल्यावर काय होतं, याचं उत्तर इतक्या छोट्या चाचणीत मिळत नाही. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा पुरावा यातल्या त्यात भक्कम. सौम्य ते मध्यम नैराश्यावर कॉक्रेनने २००८ मध्ये २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण तपासून तिचा उपयोग मान्य केला. धोकाही तिचाच मोठा, त्याकडे पुढे येते.

चाचण्यांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. गरम वाफांच्या चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्या बायकांचा त्रासही २० ते ५० टक्के कमी झालेला दिसतो. याला 'मनाचं समाधान' म्हणून हसून सोडून देणं सोपं आहे. पण चाचणीत काय घडतं ते पाहावं. बाईचं सगळं म्हणणं पहिल्या दिवशी शांतपणे ऐकून घेतात. तिला प्रश्नावली देतात: झोप कशी, भूक कशी, राग किती वेळा, रडू किती वेळा. ठरावीक दिवसांनी तिला पुन्हा बोलावतात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतात. ती रोजची नोंद ठेवते. तिच्या तक्रारीला नाव मिळतं, मोजमाप मिळतं, ऐकणारं माणूस मिळतं. खरी गोळी आणि नकली गोळी, दोन्ही गटांना हे मिळतं, आणि दोन्ही गट काही प्रमाणात सुधारतात. मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या पाकिटात अर्क असतो, हे बाकीचं काहीच नसतं. चाचणीतल्या यशाचा दाखला देऊन पाकीट विकलं जातं, पण चाचणीचा अर्धा भाग पाकिटात भरता येत नाही.

पाकिटात काय असतं, हाही प्रश्न आहेच. अशोकाची खरी साल देणारं झाड म्हणजे सीतेचा अशोक, पश्चिम घाटाच्या जंगलात वाढणारं, नारिंगी-लाल फुलांचं. रस्त्यांच्या कडेला आणि शाळांच्या आवारात उंच सरळ वाढलेला असतो तो वेगळा, सीताफळाच्या कुळातला, आणि त्याची साल भेसळीला वापरली जाते. खऱ्या अशोकाला जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत जागा मिळाली आहे, त्याला सालीची ही मागणीही कारणीभूत आहे. राधानगरीचं जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे, आणि आपली उदासी घालवायला तिथल्या झाडांची साल सोलली जाणार असेल, तर तेही विचारात घ्यायला हवं. ब्राह्मी म्हणून कुठे मंडूकपर्णी मिळते, कुठे नीरब्राह्मी. शंखपुष्पी म्हणून तर निदान तीन वेगळ्या वनस्पती बाजारात आहेत. जड धातूंचा प्रश्न निराळा. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

एकाच फळीवरच्या दोन पाकिटांना कायदेही दोन लागतात. 'आयुर्वेदिक औषध' असेल, तर ते १९४० च्या औषध कायद्याखाली येतं आणि त्यावर उत्पादन परवाना क्रमांक असतो. 'हेल्थ सप्लिमेंट' असेल, तर ते अन्न आहे. त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो, आणि औषधी वापरासाठी नाही, असं छापणं बंधनकारक असतं. मनाची तक्रार बरी करायला आणलेल्या डब्यावरच ते औषध नसल्याचं लिहिलेलं असतं, पण अक्षर बारीक असतं. जाहिरातींवरही कायदा आहे. १९५४ च्या, औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या परिशिष्टात मासिक पाळीचे विकार, गर्भाशयाचे विकार आणि एकूणच स्त्रियांचे रोग यांची नावं आहेत. म्हणजे हे बरं करतो, अशी जाहिरात करायलाच मनाई. मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती पाहिल्या, की सत्तर वर्षांचा हा कायदा किती जणांनी वाचला असेल, असा प्रश्न पडतो.

'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य आपल्याकडे पाठ झालेलं आहे. ज्या वनस्पतीचा परिणाम होतो तिचा दुष्परिणामही होऊ शकतो. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेल भरमसाट घेतली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख चुकली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो खरा मानला, तरी दुकानातून घेणाऱ्या बाईसाठी निष्कर्ष तोच राहतो. अश्वगंधानेही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं न वापरता मूळच वापरण्याची सूचना दिली. अश्वगंधाने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. सोया थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी करतं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं लागतं. पन्नाशीच्या किती जणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात, ते आपल्या घरातच मोजून पाहावं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं, तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. सेंट जॉन्स वर्ट यकृतातली औषधं पचवणारी यंत्रणा वेगाने चालवते, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांपासून कर्करोगाच्या काही गोळ्यांपर्यंत अनेक औषधांचा प्रभाव घटतो. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ती घेतली, तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने इस्ट्रोजेनसारखं काम करणारा कुठलाही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हे सगळे धोके टाळता येतात. त्यासाठी डॉक्टरांना माहीत असावं लागतं, एवढंच.

इथे डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. पुष्कळ डॉक्टर 'आणखी काय घेता?' असं विचारत नाहीत. विचारलं, तर 'हे बंद करा' असं फटकारतात, आणि पुढच्या वेळी बाई सांगत नाही. शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर आजच्या सीपीआरच्या जागी असलेल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम करत, तेव्हा बाईला आपलं दुखणं बाईला सांगता येणं, हेच या शहरात नवं होतं. शंभर वर्षांत दवाखाने वाढले, तज्ज्ञ आले. न रागावता ऐकून घेणं मात्र त्या मानाने वाढलं नाही. रुग्णाने आणलेली अरिष्टाची बाटली हातात घेऊन लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं दिली, तर तीच बाई पुढच्या वेळी झोपेबद्दल, रडण्याबद्दल आणि कदाचित मरणाच्या विचारांबद्दलही बोलेल.

ते बोलणं का महत्त्वाचं, हे इथेच सांगून ठेवते. उदासी दोन आठवड्यांहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यासाठी या पुस्तकातल्या कुठल्याही वनस्पतीवर विसंबून राहू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. शिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं. उदासी आणि थकवा यांच्यामागे पुष्कळदा हेच निघतं, आणि ते निघालं तर उपचार स्वस्त आणि खात्रीचा असतो. रजोनिवृत्तीमुळे आलेल्या खिन्नतेसाठी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ मध्ये हार्मोन आणि विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे समुपदेशकाबरोबर ठरावीक बैठकांतून विचार आणि सवयी बदलण्याचं काम, या दोन्हींचा पर्याय सुचवला. दोन्हींत कुणाशीतरी बोलावंच लागतं.

हे पुस्तक कसं वापरावं, ते शेवटी. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस तीन गोष्टी दिल्या आहेत: या वनस्पतीचा पुरावा किती, कुणी टाळावी, आणि कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये. काही घ्यायचं ठरलं, तर एका वेळी एकच घ्यावं. पाकिटावरचा परवाना क्रमांक, घटक आणि मात्रा वहीत उतरवून ठेवावी. घ्यायला सुरुवात करण्याआधीचा एक आठवडा आणि नंतरचे आठ आठवडे झोप, चिडचिड आणि रडू यांची रोज एका ओळीत नोंद करावी. आठ आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही, तर ते बंद करावं, पैसे वाचतील. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठावा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर हा डबाही पिशवीत टाकावा, टेबलावर ठेवावा आणि सांगावं, 'हे मी घेते, आणि यासाठी घेते.' नवऱ्याने, मुलाने, सुनेने हे पुस्तक आधी वाचलं, तर त्यांनी तो डबा पाहून हसू नये. कशासाठी घेतेस, असं विचारावं आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबावं.